शेवटच्या ओळीपर्यंत : मजकुराची फाइल वाचण्याचे पहिले धडे

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून चंद्रपूरचा रस्ता जाम येथे वेगळा होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या दोन दीक्षाभूमींना जोडणाऱ्या वाटेवर आपली शाळा उभी आहे. दरवर्षी त्या दिवसांत पांढरी वस्त्रे ल्यालेले उपासक आणि निळे झेंडे लावलेल्या गाड्या या चौरस्त्यावरून जाताना आपले विद्यार्थी पाहतात. मात्र १९५६चा तो सोहळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता गावोगावी मोजकीच उरली आहेत. म्हणून एका दिवाळीच्या सुटीत आम्ही विद्यार्थ्यांना काम दिले की, आपल्या घरातील वा वस्तीतील वडीलधाऱ्या माणसाने स्वतः पाहिलेली अथवा आईवडिलांकडून ऐकलेली दीक्षेची एक आठवण वहीच्या एका पानावर उतरवून आणावी.

सुटी संपल्यावर ४७ पाने जमली. वसतिगृहातील मुलामुलींनी ती संगणक कक्षात टंकित केली. एका माणसाची एक ओळ असे ठरले. प्रत्येक ओळीत आधी गाव, मग आठवण आणि शेवटी सांगणाऱ्याचे नाव. मध्ये उभी रेघ. त्यानंतर ही फाइल वाचून आठवणी मोजणारा आणि गावांप्रमाणे लावणारा छोटा प्रोग्राम आम्ही सर्वांनी मिळून लिहिला. तो चालवला तेव्हा पडद्यावर आकडा उमटला : १९. संगणकाने कोणतीही चूक दाखवली नाही, तक्रार केली नाही. नववीतील एका मुलीने मात्र लगेच विचारले, “सर, माझी आजी कुठे गेली?”

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. प्रोग्रामिंग आम्ही पन्नाशीनंतर विद्यार्थ्यांच्या बाकावर बसूनच शिकलो. त्यामुळे नवशिक्याचे पाऊल नेमके कोठे अडखळते, हे आम्हाला स्वानुभवाने ठाऊक आहे. येथे सांगितलेले सर्व पायथन या भाषेला धरून आहे. गिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली प्रथम प्रसृत केलेली ही भाषा विनामूल्य मिळते, आणि जुन्या संगणकांवरही चालते. तिच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे दिले आहेत.

फाइलीत ओळी नसतात

पहिली गोष्ट ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटते. संगणकाच्या लेखी फाइलीत ओळी नसतातच. तेथे असते ती बाइटांची, म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची, एकच अखंड माळ. ‘येथे ओळ संपली’ हे सांगण्यासाठी त्या माळेत एक विशेष आकडा ओवलेला असतो, तो म्हणजे १०. आपण एंटरची कळ दाबतो तेव्हा तोच आकडा फाइलीत जातो. पडद्यावर तो दिसत नाही. त्याच्यामुळे पुढचा मजकूर खाली सरकलेला दिसतो, इतकेच.

टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या जुन्या मंडळींना यामागचे कारण सहज उमगेल. ओळ संपली की डावीकडचा दांडा ओढावा लागे. त्याने दोन कामे होत : कागद धरणारा रूळ मूळ जागी परते आणि कागद एक ओळ वर सरके. तारयंत्रांसाठी या दोन कामांना दोन वेगळी चिन्हे ठरली, आणि पुढे १९६३च्या ‘आस्की’ या अमेरिकन मानकात त्यांना १३ व १० हे क्रमांक मिळाले. विंडोजमध्ये केलेल्या फाइलींत आजही ही दोन्ही चिन्हे जोडीने आढळतात; लिनक्समध्ये केवळ १० असतो. पायथन मजकूर वाचताना ही जोडी आपणहून एका चिन्हात बदलून देतो, म्हणून नवशिक्याने त्याची चिंता करू नये.

येथे दोन गैरसमज होतात. लांबलचक आठवण पडद्याच्या रुंदीत मावत नाही, म्हणून ती पाच ओळींत मोडलेली दिसते. परंतु मध्ये एंटर नसेल तर संगणकासाठी ती एकच ओळ असते. उलट एखाद्या विद्यार्थ्याने वाक्य नीटनेटके दिसावे म्हणून मध्येच एंटर दाबला, तर एका आजोबांची दोन माणसे होतात. दुसरा गैरसमज असा की वर्डमध्ये केलेला दस्तऐवज म्हणजे मजकुराची फाइल. त्यात अक्षरांबरोबर ठसा, आकार, रंग अशी पुष्कळ माहिती गुंडाळून ठेवलेली असते. ती अशी ओळीओळीने वाचता येत नाही. नोटपॅडसारख्या साध्या साधनात जतन केलेली फाइलच या कामी येते.

उघडताना लिपी सांगावी

फाइल वाचण्यापूर्वी ती उघडावी लागते. त्यासाठीची आज्ञा ‘ओपन’ ही होय. तिला तीन गोष्टी सांगाव्यात : फाइलीचे नाव, ती कशासाठी उघडायची, आणि आतील आकडे कोणत्या तक्त्यानुसार अक्षरांत बदलायचे. इंग्रजी पुस्तकांत ही तिसरी गोष्ट पुष्कळदा गाळलेली असते, कारण इंग्रजी मजकुराचे तिच्यावाचून अडत नाही. मराठीचे अडते.

आस्कीत १२८ चिन्हांनाच जागा होती, आणि त्यात देवनागरीचा मागमूस नव्हता. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. परंतु छपाई आणि कार्यालयीन कामात ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याची त्याची सांकेतिक रचना असाच प्रकार दीर्घकाळ चालला. त्या काळातील फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. जगातील लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१चीच. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. हे क्रमांक फाइलीत साठवण्याची आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धत म्हणजे ‘यूटीएफ-८’. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते.

‘बुद्ध’ हा शब्द घेऊ. आपण त्यात दोन अक्षरे वाचतो. युनिकोडमध्ये मात्र त्याची पाच चिन्हे होतात : ब, ह्रस्व उकार, द, पाय मोडल्याचे चिन्ह आणि ध. फाइलीत त्यांचे पंधरा बाइट होतात. विंडोज संगणकावर आपण लिपी सांगितली नाही, तर पायथन बहुधा पश्चिम युरोपीय भाषांचा जुना तक्ता गृहीत धरतो. त्या तक्त्यात काही जागा रिकाम्या आहेत, आणि ह्रस्व उकाराचा तसेच पाय मोडल्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट नेमका अशाच जागांवर पडतो. म्हणून ‘बुद्ध’ हा शब्द असलेली फाइल वाचताना प्रोग्राम थांबतो आणि चूक दाखवतो. ज्या फाइलीत केवळ ‘भीमराव’ एवढेच लिहिलेले आहे, ती मात्र न थांबता वाचली जाते आणि पडद्यावर भलतीच चिन्हे उमटतात. थांबणारा प्रोग्राम पाहून विद्यार्थी घाबरतात. आम्ही त्यांना सांगतो की भीती बाळगायची ती न थांबता चुकणाऱ्याची.

उपाय सोपा आहे. उघडतानाच यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. नोटपॅडमध्ये जतन करतानाही तोच पर्याय निवडावा. काही वेळा नोटपॅड फाइलीच्या अगदी आरंभी एक अदृश्य चिन्ह घालून ठेवते. आमच्या यादीत पहिली ओळ जामची होती, आणि गावांप्रमाणे मोजणी केली तेव्हा ‘जाम’ दोनदा आले. एका जामच्या आधी ते न दिसणारे चिन्ह चिकटलेले होते. अशा वेळी लिपीचे नाव ‘यूटीएफ-८-सिग’ असे दिले की ते चिन्ह गळून जाते.

वाचण्याच्या तीन रीती

उघडलेली फाइल तीन प्रकारे वाचता येते. ‘रीड’ ही आज्ञा सगळा मजकूर एकाच लांब माळेच्या रूपात हाती देते. ‘रीडलाइन्स’ सर्व ओळी वेगवेगळ्या करून एका यादीत ठेवते. तिसरी रीत ‘फॉर’च्या फेऱ्याची : फाइलीतील एक ओळ घ्यावी, तिचे काम करावे, ती सोडावी आणि पुढची घ्यावी. पहिल्या दोन रीतींत संपूर्ण फाइल संगणकाच्या स्मृतीत येते. चाळीस-पन्नास ओळींना त्याने काही बिघडत नाही. परंतु ग्रंथच्या ग्रंथ वाचायचे असतील तर तिसरीच रीत योग्य, कारण तिच्यात एका वेळी साधारणपणे एका ओळीचाच भार पडतो.

असे ग्रंथ आपल्याजवळ आहेत. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनाचा पाली तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणला. तो देवनागरीप्रमाणेच रोमन, ब्रह्मी, सिंहली, थाई अशा अनेक लिप्यांत वाचता येतो. मजकूर एकच, एका लिपीतून दुसरीत नेण्याचे काम प्रोग्राम करतो. हे शक्य झाले ते अक्षरे चित्रांच्या रूपात न ठेवता मजकूर म्हणून साठवल्यामुळे. पानाचे छायाचित्र पाहता येते, पण त्यातील ओळ प्रोग्रामच्या हाती लागत नाही.

काम झाल्यावर फाइल बंद करणे हेही कर्तव्यच. ‘विथ’ या शब्दाने फाइल उघडली तर ती आपोआप बंद होते, मध्ये चूक झाली तरीही. नवशिक्याने आरंभापासून हीच सवय लावावी.

रिकामी ओळ म्हणजे शेवट नव्हे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये ‘फॉर’चा फेरा नव्हता. ‘रीडलाइन’ या आज्ञेने आम्ही एकेक ओळ मागत होतो आणि ओळ रिकामी आली की फाइल संपली असे मानत होतो. विद्यार्थ्यांनी टंकलेखन दोन दिवसांत केले होते. पहिल्या दिवशीच्या १९ ओळींनंतर दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना कोणीतरी एक एंटर जास्त दाबला. प्रोग्राम त्या रिकाम्या ओळीपाशी पोहोचला आणि काम संपले असे समजून थांबला. पुढच्या २८ माणसांची नावे फाइलीत जशीच्या तशी होती. त्यांना कोणी हाक मारली नाही.

रिकामी ओळ आणि फाइलीचा शेवट यांत संगणक फरक करतो. आम्ही केला नव्हता. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीतही ओळ संपल्याचे ते एक चिन्ह असते, म्हणजे तिची लांबी १ असते. फाइल खरोखर संपल्यावर ‘रीडलाइन’ जे देते, त्याची लांबी ० असते. आम्ही ओळीच्या कडेची मोकळी जागा आणि ओळीचे चिन्ह पुसून मगच ती तपासत होतो, त्यामुळे १ आणि ० यांतील भेद आमच्याच हाताने मिटला होता. ‘फॉर’चा फेरा वापरला की हा प्रश्न उद्भवत नाही, तो शेवटपर्यंत जातो. मध्ये रिकामी ओळ आली तर तेवढी वगळून पुढे जावे, थांबू नये.

शेवटच्या नावाचे शेवटचे अक्षर

प्रोग्राम दुरुस्त झाला, ४७ हा आकडा आला आणि आम्ही यादी छापली. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक मोकळी ओळ आली होती. याचेही कारण तेच चिन्ह. फाइलीतून आलेल्या ओळीच्या टोकाला ते चिकटलेले असते, आणि छापण्याची ‘प्रिंट’ ही आज्ञा आपले आणखी एक जोडते. तेव्हा एका विद्यार्थ्याने सुचवले की प्रत्येक ओळीचे शेवटचे चिन्ह कापून टाकावे. तसे केले. यादी सुबक दिसू लागली.

ती भिंतीवर लागल्यावर त्याच मुलीने पुन्हा बोट ठेवले. तिच्या आजीची ओळ सर्वांत शेवटची होती, आणि ओळीच्या शेवटी नाव होते. त्या ओळीनंतर कोणी एंटर दाबलेला नव्हता. म्हणजे कापण्यासाठी तेथे ओळीचे चिन्हच नव्हते. प्रोग्रामने जे शेवटी सापडले ते कापले. आजीच्या नावातील ‘बाई’चे ‘बा’ झाले होते. ४६ ओळी अचूक असताना एका ओळीत चूक झाली, आणि ती सर्वांत शेवटच्या माणसाच्या वाट्याला आली.

यावरचा उपाय असा : शेवटचे चिन्ह काहीही असो, ते कापा, असे सांगू नये. ‘आरस्ट्रिप’ या आज्ञेला नेमके ओळीचे चिन्ह दाखवून सांगावे की, हे शेवटी असेल तर काढ, नसेल तर हात लावू नकोस.

वाचायला उघडावे, लिहायला नव्हे

फाइल कशासाठी उघडायची हे सांगताना तीन अक्षरे नेहमी लागतात. ‘आर’ म्हणजे वाचण्यासाठी, ‘ए’ म्हणजे असलेल्या मजकुराच्या शेवटी भर घालण्यासाठी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे नव्याने लिहिण्यासाठी. यातील तिसऱ्याविषयी सावध राहावे. या रीतीने उघडलेली फाइल उघडताक्षणीच कोरी होते. आपण एक अक्षरही लिहिले नाही तरी जुना मजकूर जातो, आणि संगणक ‘पुसू का?’ असे विचारत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या शिळेची येथे आठवण होते. तिच्यावर दोन काळांचे लेख आहेत. एक प्राण्यांची धरपकड व हत्या यांना मनाई करणारा जुना ब्राह्मी लेख, वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी कोरलेला, वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनाचा. नव्या लेखासाठी जुन्याला जागा सोडावी लागली. दगडावर निदान पूर्वीच्या अक्षरांच्या खुणा उरतात, अभ्यासक त्या वाचू शकतात. संगणकाच्या फाइलीत नवशिक्याच्या हाती अशी खूणही उरत नाही. म्हणून मूळ फाइलीची प्रत आधी वेगळ्या जागी ठेवावी, आणि प्रोग्रामने केलेले काम नेहमी दुसऱ्या नावाच्या फाइलीत लिहावे.

उत्तर ठाऊक असलेला मजकूर

सरावासाठी आम्ही विद्यार्थ्यांना धम्मपद देतो. त्यात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. पहिल्या यमकवग्गात २० आणि शेवटच्या ब्राह्मणवग्गात ४१. आमच्या फाइलीत प्रत्येक वग्गाचे नाव स्वतंत्र ओळीवर आहे, गाथा दोन किंवा अधिक ओळींत आहे आणि प्रत्येक दोन गाथांच्या मध्ये एक रिकामी ओळ आहे. प्रोग्रामने गाथा मोजाव्यात, एवढाच प्रश्न.

कोणी सगळ्या ओळी मोजतो. उत्तर दुपटीहून अधिक येते, कारण ओळ म्हणजे गाथा नव्हे. कोणी रिकाम्या ओळी मोजतो आणि वग्गांची नावे हिशेबात धरायला विसरतो. ती चूक सुधारणाऱ्यालाही बहुधा ४२२ हे उत्तर मिळते. शेवटच्या गाथेनंतर रिकामी ओळ नसते, म्हणून ती मोजणीतून सुटते. फेरा संपल्यावर हातात एखादी गाथा उरली आहे काय, हे पाहणारी एक वेगळी ओळ प्रोग्राममध्ये घातल्यावरच ४२३ येतात.

हा सराव ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा ग्रंथावर घेण्याचे कारण उघड आहे. संगणकाचा आकडा दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहता आला पाहिजे. भिक्खुसंघाने तिपिटक लेखनात येण्यापूर्वी तो पाठ करून जपला, आणि ‘संगायन’ या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. एकाचा शब्द चुकला तर शेजारच्याच्या कानाला तो खटकतो. आमच्याकडे ४७ पाने वहीत होती आणि आपली आजी शोधणारी एक मुलगी होती, म्हणून १९ हा आकडा खोटा ठरला. ती दोन्ही नसती तर तोच आकडा या स्मरणिकेत छापला गेला असता आणि खरा मानला गेला असता.

विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून ठेवावेत असे नियम थोडक्यात देतो :

१. मूळ फाइलीची प्रत आधी करावी.
२. फाइल वाचण्यासाठीच उघडावी आणि लिपी यूटीएफ-८ अशी सांगावी.
३. ‘विथ’ने उघडावी, ‘फॉर’ने ओळीओळीने वाचावी.
४. ओळीच्या टोकाचे चिन्ह नेमके तेवढेच काढावे.
५. रिकामी ओळ वगळावी, तिच्यापाशी थांबू नये.
६. पहिली ओळ, शेवटची ओळ आणि एकूण संख्या डोळ्यांनी पडताळावी.

हे नियम आम्हाला इतिहासाच्या तासालाही उपयोगी पडतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचा अधिकार नाकारला गेला, त्यांची नावे कागदोपत्री क्वचितच आली. आली तेथेही अर्धीमुर्धी, दुसऱ्याने लिहिलेली. आता लिहिणारे हात आपल्या मुलामुलींचे आहेत, आणि वाचणारा प्रोग्रामही त्यांचाच आहे. तेव्हा गळालेल्या नावाचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

दुरुस्त केलेली यादी शाळेच्या संगणक कक्षात लावली आहे. शेवटच्या ओळीतील आजीचे नाव आता पूर्ण आहे. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या घरी अशी आठवण सांगणारे कोणी असेल, तर त्यांनी ती एका पानावर लिहून शाळेत आणून द्यावी. अठ्ठेचाळिसावी ओळ टंकित करायला आमची मुले बसलेली आहेत.

जय भीम!